बिनचुलीचं घर

धाकट्या भावाचं, काळूचं लग्न लागलं ते साल २००२. आई-बाप लवकर गेले म्हणून त्याला मीच वाढवलं होतं. घरात सून आली, दुसऱ्याच दिवशी तिने चूल हातात घेतली, आणि मला कळलं की सुरगाण्याच्या त्या घरात आता मला काम उरलेलं नाही. मी बत्तीस वर्षांची होते. गावाच्या मते माझं लग्नाचं वय कधीच उलटून गेलं होतं. द्राक्षाच्या कामाला आम्ही दरवर्षी नाशिककडे जायचोच. त्या वर्षी गेले, ती परत राहायला आले नाही.

गंगापूर रोडला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये झाडलोटीचं काम मिळालं. दुसऱ्या मजल्यावर एक मोठी खोली, बारा कॉम्प्युटर, प्रत्येकावर कापडी झाकण. मालकीण तेजल मॅडमनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं, “चपला बाहेर. धूळ आत गेली की मशीन बिघडतं. कुणालाही सोडायचं नाही, सरू.”

तिसऱ्या दिवशी दुपारी मी फरशी पुसत होते, तर एक उंच माणूस बूट घालून सरळ आत. मी फरशी पुसायची काठी दारात आडवी धरली.

“बूट.”

“अं?”

“बूट काढा भाऊ. मशीनला धूळ लागती.”

“अहो, मी इथे शिकवतो.”

“मग तर आधी काढा. शिकवणाराच असा, तर पोरं काय शिकत्याल?”

तो हसला. खाली बसून नाड्या सोडल्या, बूट काढले... आणि मोज्यातून अंगठा बाहेर आला. मी पाहिला. मी पाहिला हे त्यानेही पाहिलं.

“हे मॅडमना सांगू नका,” तो म्हणाला.

“मला फक्त बुटाचं सांगितलंय. अंगठ्याचं काय बोलल्या नाय.”

हे दिनेश सर. वय तेहतीस, राहायला एकटे, बोलणं कमी. मशीन बिघडलं की दुरुस्त तेच करायचे. दुपारी एक ते तीन क्लास रिकामा असे. मी पुसायचं काम करी, ते कोपऱ्यातल्या मशीनवर काहीतरी करत बसत. आठवडाभर मी लांबूनच पाहिलं. पडद्यावर कायम एक घर, आणि घरावर पाऊस.

एकदा न राहवून विचारलं, “शिनिमा हाय का?”

“गेम आहे. मी बनवतोय.”

“मग मानूस कुठाय?”

“माणूस दिसत नाही. माणूस तुम्हीच. तुमच्या डोळ्यांनी जेवढं दिसेल तेवढं.” त्यांनी खुर्ची सरकवली. “बसा की. घाबरणार नसाल तर.”

“मी जंगलात वाढले, सर. चित्राला घाबरू?”

बसले. माऊसवर माझा हात नीट बसेना, म्हणून त्यांनी बोटाच्या टोकाने तो सरळ केला. लगेच बोट काढून घेतलं. मी पडद्याकडेच पाहत राहिले... पण बराच वेळ काही दिसलं नाही.

गेममध्ये एवढंच होतं की, एक माणूस पुष्कळ वर्षांनी घरी येतो. संध्याकाळ, पाऊस, दार उघडं. आत कुणी नाही. पण शेजारच्या खोलीत कुणीतरी भांडं खाली ठेवतं. गेलं की तिथे कुणी नाही. मग मागच्या खोलीत बांगड्या वाजतात. मागे वळावं, तर आलो ते दार बंद. पुढे भिंतीवरच्या फोटोंतले चेहरे एकेक करून पुसले जातात. तेव्हा माझ्या तोंडून किंकाळी निघाली आणि शेजारचा हात मी गच्च धरला.

“चित्र आहे, सरूबाई,” ते हळूच म्हणाले.

“माहीत हाय.” मी हात सोडला. “घाम आलाय तुमच्या हाताला.”

“एसी बंद आहे.”

थंड हवेचं ते मशीन चालू होतं. दोघांनाही ते ऐकू येत होतं.

विषय बदलावा म्हणून मी म्हटलं, “हे टकटक कशाचं?”

“तुमच्या बुटांचं. तुम्ही चालताय ना.”

“घरात? बूट घालून? एवढ्या वर्षांनी घरी आला आन् पायातलं काढत नाय? मग घर चिडंल न्हाई तर काय!”

दुसऱ्या दिवशी गेममधला माणूस उंबऱ्याशी बूट काढून अनवाणी चालत होता. गंमत म्हणजे भीती वाढली. आपल्या पावलांचा आवाजच नाही. ऐकू येतो तो फक्त दुसऱ्याचा.

“आन् हा पाऊस पत्र्यावरचा हाय,” मी म्हटलं. “घर मातर तुम्ही कौलारू काढलंय.”

त्यांनी माऊसवरून हात काढला. मग म्हणाले, “आमच्या घरावर पत्रेच होते. नांदगावला. कौलं मी... लपवायला घातली.”

त्या दिवसापासून दुपारची वाट बघायची सवय लागली. मी सकाळी केस दोनदा विंचरू लागले. त्यांचे मोजे नवे आले. एकदा म्हणाले, “मला ते भाऊ म्हणणं बंद करा.”

“मग काय म्हणू?”

“विचार करून सांगतो.”

“शिकवणाऱ्याला एवढा वेळ लागतो व्हय?”

गेममध्ये जागोजागी चिठ्ठ्या होत्या. मला अक्षर येत नव्हतं. सर वाचून दाखवत. ‘तू गेलास आणि अंधार झाला.’ ‘मी रोज दार उघडं ठेवते.’ अशा. मी विचारलं, “कुणी लिहिल्या?”

“आईने. म्हणजे... आईला लिहिता येत नव्हतं. येत असतं तर तिने लिहिलं असतं, अशा मी लिहिल्यात.”

“सर, राग मानू नका. पण आई असं नाय लिहीत.”

“तुम्हाला काय माहीत?”

“मला पण लिहिता येत नाय, म्हणून माहीत. काळू पुण्याला कामाला गेला तवा मी दुसऱ्याकडून चिठ्ठी लिहून घ्यायचे. अंधार झाला, असं कवा सांगितलं नाय. सांगायचे, येताना मीठ आन. शेळी व्याली. तुझं अंथरूण उन्हात घातलंय.”

सर आधी हसले. मोठ्याने हसले. मग हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि तळव्याने डोळे दाबून धरले. मी उठून खिडकीपाशी गेले, खालची रिक्षा बघत उभी राहिले. पुरुषाला रडताना बघायचं नसतं, असं नाही. त्याला आडोसा द्यावा, एवढंच.

त्या दुपारी त्यांनी सांगितलं. बाप पुंजा, घरात सगळे आप्पा म्हणत, रेल्वेत गँगमन, रुळांच्या कामावर. मुलानेही रेल्वेत लागावं म्हणून बापाचा हट्ट. १९९६ साली भांडण झालं, बाप म्हणाला, ‘या घरात पाय ठेवू नको,’ आणि हा निघाला. तीन वर्षांनी आई, वत्सलाबाई, अचानक वारली. निरोप मिळाला. हा नांदगाव स्टेशनपर्यंत गेला. बाकावर दोन तास बसला. पाय उचलेना. मग पुढच्या गाडीने परत आला.

“आईच्या मातीला गेलो नाही मी, सरू. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमालाही नाही. आता कुठल्या तोंडाने जाऊ?”

प्रथमच नुसतं सरू म्हणाले. मी ते मनात ठेवून घेतलं.

गेमचं शेवटचं दार स्वयंपाकघराचं. ते उघडलं की आपण पुन्हा बाहेर, पावसात, पहिल्या दाराशी. मी तीनदा गेले, तीनदा तेच.

“आत काय हाय?”

“काहीच नाही. ते मला बनवताच आलं नाही. बसलो की हात थांबतो.”

पुढे चार महिने ते मला चिठ्ठ्यांवरून अक्षरं शिकवत राहिले. जुन्या चिठ्ठ्या गेल्या, नव्या आल्या. ‘विळी परसात आहे.’ ‘दूध झाकून ठेव.’ मी एकेक अक्षर जोडून वाचायचे. चुकले की ते गप्प बसत. बरोबर आलं की हळूच टेबलावर बोट वाजवत. मला त्या बोटाचीच गोडी लागली होती, अक्षरांची नंतर लागली.

मग एका दुपारी फोटोच्या भिंतीखाली नवी चिठ्ठी दिसली. मी वाचायला लागले. “स... रू... मा... झ्या... शी...” इथे मी थांबले. ते भिंतीकडे तोंड करून उभे. कानाच्या पाळ्या लालबुंद. मी पुढचं मनातच वाचलं. दोनदा.

“सर, पुढचं अक्षर लागत नाय.”

“कोणतं?” ते झटकन वळले. “कोणतं लागत नाही?”

“सगळी लागली,” मी म्हटलं. “तुमचं तोंड बघायचं होतं.”

“मग... उत्तर?”

हो म्हणायला मी किती आतुर होते, ते मलाच माहीत. बत्तीस वर्षांत मला कुणी असं विचारलं नव्हतं. पण पडद्यावर ते घर होतं, आणि शेवटचं दार.

“याच घरात न्यायचं मला?”

“म्हणजे?”

“या घराला चूलच नाय. तुम्ही रोज तिथवर जाता आन् बाहेर येता. मी पन आले, की दोघं मिळून पावसात उभं राहायचं का? बिनचुलीच्या घरात मी येत नाय, सर. आधी तिथं जाऊन या.”

“आणि आप्पांनी हाकललं तर?”

“तर हाकललेल्या मानसाबरोबर लगीन करीन. पळालेल्याबरोबर नाय.”

आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी फरशी पुसत राहिले. एकदा वाटलं, काय म्हणून हट्ट केला, हातचं घालवलं. नवव्या दिवशी टेबलावर दोन तिकिटं होती. रविवारची, नाशिकरोड ते नांदगाव.

गाडीत ते खिडकीशी बसले. मनमाडला गाडी थांबली तसे उठून फलाटावर उतरले. “सरू, चल परत जाऊ. पुढच्या रविवारी... नक्की.”

“तुम्ही जा. मी पुढं जाते. घर कोणत्या बाजूला, तेवढं सांगा.”

“तू एकटी जाऊन काय करशील?”

“सांगीन, तुमच्या पोराची होणारी बायको हाय. पोरगा मनमाडला राहिला.”

शिट्टी झाली. गाडी हलली. मी मान वळवली नाही. वळवली असती तर मीच उतरले असते. डबा फलाटाच्या टोकाशी आला तेव्हा शेजारी कुणीतरी धापा टाकत बसलं.

“फार कठीण आहेस तू,” ते म्हणाले.

“हात द्या,” मी म्हटलं. नांदगावपर्यंत तो हात माझ्याकडेच होता.

पत्र्याचं घर. दार उघडं. दिनेशनी हाक मारली, “आप्पा...” उत्तर नाही. मला गेम आठवला, त्यांनाही आठवला असणार. आम्ही आत गेलो. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी वत्सलाबाईंचा फोटो, काच लख्ख पुसलेली, चेहरा स्पष्ट. पुढे स्वयंपाकघराचं दार. ते तिथे थांबले. मी मागे राहिले. ढकलणं माझं काम नव्हतं.

ते आत गेले.

चुलीपुढे एक म्हातारा पाठमोरा बसून भाकरी थापत होता. कानाने कमी ऐकू येत होतं, म्हणून हाकेला उत्तर आलं नव्हतं. उंबऱ्यावर सावली पडली तशी त्याने मान वळवली. खूप वेळ पाहिलं. हात पिठातच राहिले.

“दोन थापल्यात,” म्हातारा म्हणाला. “किती टाकू अजून?”

दिनेश त्यांच्यापुढे खालीच बसले. मोठ्याने, तुटत तुटत बोलले, “आप्पा... आई गेली तेव्हा मी आलो होतो. स्टेशनपर्यंत...”

“ठावं हाय.”

“ठावं?”

“गेटमन सांगत आला ना. पुंजा, तुझं पोरगं बाकड्यावर बसलंय. मी तिला तशीच ठिवून पळत आलो. लय पळालो. तवर गाडी निघाली व्हती.” म्हाताऱ्याने मनगटाने नाक पुसलं, गालाला पीठ लागलं. “डब्यामागं बी पळालो थोडा. तुझं ध्यान नव्हतं.”

दिनेशनी बापाच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. पिठाचा हात त्यांच्या केसांवर आला आणि तिथेच राहिला.

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. मी पुढे होऊन ती उलटली.

“ही कोण रं?”

“मी सरू. सुरगाण्याकडची.”

“डोंगराची? मंग नागलीची थापीत असशील.”

“बाजरीची बी येती, आप्पा.”

“बस मंग. माझ्याच्यानं गोल व्हत नाय.” परात माझ्याकडे सरकली. दिनेशनी डोकं न उचलताच विचारलं, “सरू, आता?”

“आता हो,” मी म्हटलं, आणि पीठ मळायला घेतलं.

पुढच्या महिन्यात आमचं लग्न नोंदलं गेलं. दिनेशनी गेमचं शेवटचं दारही पुरं केलं, आत पेटती चूल ठेवली. क्लासातली पोरं तक्रार करायची, “सर, शेवटी भीतीच वाटत नाही.” जातीबाहेर लग्न केलं म्हणून काळू वर्षभर रुसला होता, मग आला. आम्ही दर रविवारी नांदगावला जायचो. २००६ च्या दिवाळीनंतर आप्पांना उठवेना, तेव्हा तिथेच राहायला गेलो.

आप्पा, म्हणजे माझे सासरे पुंजा, ९ फेब्रुवारी २००७ ला सकाळी सातच्या सुमारास नांदगावच्या घरात वारले. या वेळी दिनेश घरी होते.