अकरा गारगोट्या

धक्क्यावर पोचले तेव्हा आमच्या तुकडीची लाँच निघून गेली होती. शेवंडांचे सापळे रचत बसलेल्या माणसाला मी विचारलं, बेटावर सोडाल का? त्याने माझ्या पिशवीतून डोकावणारी थापी आणि ब्रश पाहिले.

"थडगी उकरणाऱ्यांतली का? एवढी घाई कशाला... ते बाराशे वर्षं थांबलेत."

"ते थांबतील. आमच्या बाई थांबणार नाहीत."

तो हसला नाही, पण सापळे बाजूला सारून त्याने मला बसायला जागा केली. माझं नाव नेसा, त्याचं फेलिम. हिवाळ्यात बेटावर एकटा राहणारा शेवटचा माणूस.

समुद्र दरवर्षी बेटावरच्या जुन्या मठाची दफनभूमी थोडी थोडी गिळत होता. ती संपायच्या आत सांगाडे काढायचे, हे आमचं काम. बाकी सगळे छपराखाली, चहाच्या किटलीजवळ. मला मिळालं चौदा नंबरचं थडगं, कड्याच्या अगदी टोकाला, इतरांपासून दूर. आतल्या सांगाड्याचं डोकं पश्चिमेला, तोंड उगवतीकडे, हात छातीवर... शेजारी कुणी नाही. आमचं दोघांचं बरं जमलं. मलाही तीन वर्षांत घर असं नव्हतं. हे खोदकाम संपलं की ते, भाड्याच्या खोल्या आणि मुका फोन.

तिसऱ्या दिवशी सकाळी थडग्याच्या काठावर पांढरीशुभ्र गारगोटी दिसली. मठातल्या माणसांबरोबर अशा गारगोट्या पुरत, हे आम्हाला पाठ. रात्रीच्या पावसाने माती धुऊन ती उघडी पडली असणार! मी नंबर दिला, पिशवीत घातली. मग दुसरी... तिसरी... पाच आठवड्यांत अकरा. आमच्या प्रमुख ब्रीजबाईंनी तर अहवालात त्यांच्यावर अख्खं पान लिहिलं.

फेलिम रोज कड्याखाली सापळे उचलायला यायचा. "चौदा नंबर काय म्हणतोय?" खालून विचारायचा. मी म्हणायचे, तुझ्यापेक्षा जास्त बोलतो. मग तो वर बघत राहायचा — वल्ही थांबवून — आणि मी उगाच तीच माती पुन्हा चाळायचे.

शेवटच्या दिवशी तो खोकी न्यायला आला. पिशव्यांवरचे नंबर वाचता वाचता त्याचे कान लाल झाले.

"नेसा... ह्या मी ठेवल्यात."

मला कळेचना.

"ज्याचं कुणी नसतं त्याच्याजवळ आम्ही बेटावरची माणसं पांढरी गारगोटी ठेवतो. सोबत म्हणून."

"म्हणजे चौदा नंबरसाठी?"

"पहिली त्याच्यासाठी." तो दोरीची गाठ सोडवत होता, खरं तर आणखी घट्ट करत होता. "बाकीच्या तू गुडघे टेकायचीस त्या बाजूला होत्या. तू एकटीच डबा खायचीस, मला खालून दिसायचं. म्हटलं, कधीतरी विचारेल, कुणी ठेवल्या. तर तू नंबर देत सुटलीस."

मला हसू आलं, आणि लगेच रडूही. कामात नाक कापून घेतलं होतं मी. पण त्याहून वाईट वाटलं ते याचं, की पाच आठवडे कुणीतरी माझी विचारपूस करत होतं आणि मी ती प्लॅस्टिकमध्ये बंद करत होते.

ब्रीजबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी अहवालातलं पान टरकावलं आणि नोंदवही माझ्यापुढे सरकवली. मी अकरा ओळींवर लाल रेघ मारली. कारणाच्या रकान्यात लिहिलं : जुन्या नाहीत.

पहिली गारगोटी मी चौदा नंबरच्या रिकाम्या खड्ड्यात ठेवून आले.

परतीच्या वाटेवर होडीत आम्ही दोघंच होतो. दुसऱ्या दिवशी गॉलवे शहरात नवी नोकरी, नवी खोली. तो थांब म्हणेल असं वाटत होतं... म्हणाला नाही.

"वसंतापर्यंत तो कडा समुद्र नेईल," एवढंच बोलला. "चौदा नंबरची जागा नसेल तेव्हा. मी असेन."

धक्का आला. मी उतरले, मग वाकून एक गारगोटी त्याच्या बाकावर ठेवली. हिवाळा त्याचाही एकट्याचाच होता. नऊ माझ्या खिशात होत्या.

त्याने ती उलटसुलट करून पाहिली. "हिला नंबर नाही?"

"मार्चमध्ये येऊन देते," मी म्हटलं.

त्याने गारगोटी टोपीत ठेवली, टोपी डोक्यावर घातली, आणि होडी वळवली.