कोठीच्या तळाची मूठ

यशोधन, आधी मला एक सांग. तुझ्यावर जळणारा माणूस तुला खरं सांगायला आला, तर त्याच्यावर विश्वास ठेवशील का? की तुझ्यावर माया करणाऱ्याचं खोटंच बरं वाटेल?

लगेच उत्तर देऊ नकोस. चहा घे. आलं जरा जास्त पडलंय, पण कॉव्हेंट्रीच्या थंडीत चालून जातं. मघाशी तू लॅपटॉप माझ्याकडे वळवून दाखवलंस, मसूरडाळीच्या स्टॉकमध्ये रोज तूट येते म्हणून. वर विचारलंस, "मामा, गोडाऊनमध्ये उंदीर झालेत का?" अरे, कौन्सिलचा इन्स्पेक्टर माझ्या गोडाऊनमध्ये पोत्यावर बसून सँडविच खाऊन गेलाय. उंदीर नाहीत. तूट का येते ते मला माहीत आहे. पण त्यासाठी पुरुषोत्तमचं नाव काढावं लागेल, आणि ते काढलं की अजून माझ्या घशाशी आंबट येतं.

तू त्याला पाहिलं नाहीस. दोघं एकाच गावचे आम्ही, बार्शीचे. दोघांचे बाप बाजारात मापाडी. इथे इंग्लंडात आलो तेही पाठोपाठ, आणि दुकानं काढली तीही एकाच रस्त्यावर, समोरासमोर. मी सकाळी लवकर शटर उघडायचो, हसून बोलायचो, उधारीवर द्यायचो. तो उशिरा यायचा, कपाळाला आठ्या घालून बसायचा, आणि गिऱ्हाईक त्याच्याच दारात. का? तर म्हणे त्याच्या कोठीला बरकत आहे.

ती कोठी म्हणजे पत्र्याची, छातीइतकी उंच, वर गोल झाकण. त्याच्या वडिलांची. लोक जहाजातून सोनंनाणं आणतात, याने पत्रा आणला! मी त्याला हसलो होतो. मग त्याच्या दुकानापुढे रांग पाहिली आणि हसू बंद झालं. खोटं कशाला बोलू, ती कोठी माझ्या डोळ्यात सलायची. गिऱ्हाइकाला माल किलोनेच द्यावा लागतो, पण कोठीतून काढताना पुरुषोत्तम बापाचाच लोखंडी शेर वापरायचा. पहिल्या मापाला आपण एक म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो, तुला ठाऊक आहे. तो ते असं लांबवून म्हणायचा, "लाऽऽभ...", की रस्ता ओलांडून माझ्या काउंटरपर्यंत ऐकू यायचं. मला ऐकू जावं म्हणूनच म्हणायचा, असं माझं मत.

आता सहराकडे येतो. सोमालियाची बाई, इथल्या हॉस्पिटलात नर्स. दोन हजार आठ साल. तांदळाचे भाव असे भडकले होते की होलसेलवाले मोजून पोती देत होते. इथे ही गत, तर तिच्या देशात लढाई चाललेली. ती माझ्याकडे डाळ घ्यायला यायची. एकदा बोलता बोलता म्हणाली, "अंकल, आमच्याकडे जमिनीत खड्डा करून धान्य ठेवतात." मी म्हटलं, "अगं, आमच्याकडे त्याला पेव म्हणतात!" दोघांनाही आपलं माणूस भेटल्यासारखं झालं.

मग म्हणाली, "आमचं पेव बंदूकवाल्यांनी उपसून नेलं. माझी आई आणि भावाची मुलं तिकडेच आहेत. आई रोज संध्याकाळी रिकाम्या पेवात उतरते आणि पत्र्याच्या डब्याने तळ खरवडते."

"कशाला?"

"मुलांना वाटतं, आजी धान्य काढतेय. आता जेवण होणार. वाट बघत झोपतात."

यशोधन, मी धान्याच्या जोरावर घर बांधलं. पण त्या दिवशी तिला डाळ तोलून देताना माझ्याच तराजूकडे बघवेना.

सहराच्या लोकांनी कम्युनिटी सेंटरमध्ये धान्य गोळा करायचं ठरवलं. एक कंटेनर जाणार होता. मी मसूरडाळीची पोती दिली. हे कळताच पुरुषोत्तमनेही दिली. एका बाजूला माझी थप्पी, दुसऱ्या बाजूला त्याची, मध्ये लोकल पेपरचा फोटोग्राफर. वजन केलं तर काटा दोन्हीकडे सारखा. तिथेच थांबायला हवं होतं. पण पुरुषोत्तम म्हणाला, "थांबा, माझं अजून यायचंय," आणि निघाला दुकानाकडे. त्याच्या मनात काय आहे ते मी ओळखलं. मागोमाग गेलो.

तो कोठीत अर्धा वाकला होता. हातात पिशवी. तळाची डाळ हाताने ओढून भरत होता.

तुझ्या आजीने तुला सांगितलं असेल. कोठी, डबा, काहीही असो, तळाशी मूठभर धान्य ठेवायचंच. घर विकावं लागलं तरी ती मूठ उपसायची नाही. रिकामी जागा रिकामी राहत नाही, तिथे कोणीतरी येऊन बसतं.

मी म्हटलं, "पुरुषोत्तम, मूठ ठेव."

तो वर झाला. नाकाला डाळीचं पीठ लागलेलं. हसून म्हणाला, "नाना, जळतोयस तू."

जळत तर होतोच! पण म्हणून सांगितलेलं खोटं होतं का? तो मूठभर डाळीने माझ्या पुढे गेला, पेपरात फोटो त्याचा आला. माझा फक्त कोपर आला.

त्यानंतर पुरुषोत्तम वाळायला लागला. जेवणात कमी नाही. उलट सारखा खायचा. सुमेधावहिनी, त्याची बायको, भाकऱ्या थापून थकायची. तो खायचा, ताट पुसायचा आणि म्हणायचा, "आता वाढ." डॉक्टरांनी सगळ्या टेस्ट केल्या, काही निघालं नाही. रस्त्यावरचे लोक त्याला बघायला जायचे, फुलं न्यायचे. मला वाटायचं, आजारी पडावं तर यानेच. आपल्याला साधा खोकला झाला तर कोणी गोळी विचारत नाही.

डिसेंबरात सुमेधावहिनीचा फोन आला. आवाज अगदी खाली.

"भाऊजी, व्हॅन घेऊन येता का? एक सामान न्यायचंय."

"कसलं?"

"ती कोठी. कुठेही न्या. तुमच्याकडे ठेवा, नाहीतर कचऱ्याच्या टिपवर टाका. पण आज न्या... चारच्या आत."

माझ्या मनात काय आलं असेल? कोठी! आपण होऊन माझ्या दारात चालत येतेय! मी हातातलं गिऱ्हाईक सोडून व्हॅन काढायला निघालो. पण इतक्या वर्षांत प्रथमच त्या दुकानातून काहीतरी माझ्याकडे येत होतं, म्हणून आधी दाढी केली, चांगला कोट घातला. त्यात उशीर झाला. पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. डिसेंबरातले चार म्हणजे अंधारच.

दुकान बंद. सुमेधावहिनीने मागचं दार उघडलं. तिने दोन्ही कानांत कापूस घातला होता. बोट तोंडावर ठेवून तिने आतली खोली दाखवली.

आत वास कसला होता सांगू? मसाल्यांच्या दुकानात हिंगाचा, हळदीचा वास हवा. तिथे तापलेल्या मातीचा वास होता. पाऊस न पडलेल्या, तडकलेल्या जमिनीचा. बाहेर काचांवर दव गोठत होतं, आणि त्या खोलीत माझा घसा कोरडा पडला.

पुरुषोत्तम कोठीशेजारी स्टुलावर बसला होता. मांडीवर ताट. कोट त्याच्यावर टांगल्यासारखा दिसत होता.

"आलास?" तो म्हणाला. "बस. ऐक."

मी काही बोलणार, तेवढ्यात...

खर्रर्र...

पत्र्यावर पत्रा. मग जरा थांबून पुन्हा, खर्रर्र... कोठीच्या आतून. मापाड्याचा पोर आहे मी, माप भरताना आवाज कसा येतो ते मला झोपेतही कळतं. हे माप भरत नव्हतं. खाली काहीच नव्हतं, नुसता तळ होता.

"उघडू का?" मी विचारलं.

"उघड. काही दिसत नाही. मी रोज बघतो." तो घास तोंडात कोंबत म्हणाला. "नाना, ती कोणीतरी काढतेय ना? आता वाढतील ना?"

दिवेलागणीला लहान मूल विचारतं तसा विचारत होता. मला सहराची आई आठवली. इथे चार वाजतात तेव्हा तिकडे संध्याकाळ उलटून जेवणवेळ होते. मी झाकण उचललं. टॉर्च मारला. आत रिकामा, चकचकीत पत्रा. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या पत्र्यावर एक नवा ओरखडा उमटत गेला... हळूहळू, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

सुमेधावहिनी माझ्या पाठीमागे कुजबुजली, "भाऊजी, तुमच्या पाया पडते. न्या."

"मूठ टाकली नाहीत परत?"

"टाकली ना. आमच्या हातची राहत नाही. सकाळी तळ कोरडा."

मी कोठी नेली. पुरुषोत्तमने एका बाजूने धरायला मदत केली, आणि व्हॅनचं दार लावताना त्याने माझ्याकडे असं पाहिलं, यशोधन, की ती नजर मी ओळखली. आरशात रोज बघायचो ना. आता ती त्याच्याकडे गेली होती.

माझ्या गोडाऊनमध्ये आणून ठेवली तरी खरवडणं चालूच. मी मूठबिठ टाकली नाही. म्हटलं, पुरुषोत्तमने मूठ काढली, मी पोतं ओततो. बघू दे त्याला! त्वेषाने मसूरडाळीचं आख्खं पोतं फोडलं आणि ओतलं. डाळ पडल्याचा आवाज झाला, आणि त्याखालचा तो दुसरा आवाज थांबला. मग अगदी नीट, भरलेलं माप उचलल्याचा आवाज आला. एकदाच. कोठीतली डाळ मधोमध शेरभर खचली.

त्याच रात्री पुरुषोत्तम एक भाकरी खाऊन "पुरे" म्हणाला. सुमेधावहिनी फोनवर रडली.

काही दिवसांनी सहरा दुकानात आली. आमचा कंटेनर वाटेत बंदूकवाल्यांनी अडवला, एक पोतंही गावात पोचलं नाही, हे तिनेच सांगितलं. मी हळहळलो. ती म्हणाली, "पण अंकल, आई फोनवर विचारत होती, ते लाल दाणे शिजवायचे कसे? अर्ध्या मण्यासारखे असतात म्हणाली. पेवाच्या तळाशी रोज संध्याकाळी डबाभर मिळतात. आमच्या गावात असलं काही पिकतच नाही."

मी तिला मसुरीचं वरण कसं करायचं ते सांगितलं. दुसरं काय सांगणार?

तर तुझी तूट इथून सुरू झाली. रोज एक शेर. तेव्हापासून मी ती कोठी रिकामी होऊ दिलेली नाही.

पण पुरुषोत्तम बरा झाला आणि कोठी परत मागायला लागला. रोज रस्ता ओलांडून यायचा. "नाना, ती माझ्या बापाची आहे." मी नाही म्हणायचो. माझ्याकडे आल्यावर तिने एका घराला जेवू घातलं होतं, ती मी परत देऊ? तो म्हणायचा, "तुझी डाळ असेल, बरकत माझीच आहे." आणि कोठीवर हात ठेवून उभा राहायचा. गेल्या दिवाळीत पोटभर जेवून झोपला, तो उठलाच नाही. स्मशानात मी खांदा दिला. माणसं इतकी आली होती की माझी पाळी उशिरा आली.

आता घड्याळ बघ. चार होत आलेत. कोठी या भिंतीपलीकडेच आहे. बोलू नकोस... ऐक.

ऐकलंस? हा डबा सहराच्या आईचा. ती काही बोलत नाही, भरून घेते आणि जाते. आता थांब जरा. दुसरं माप येईल. हे दिवाळीनंतर सुरू झालंय. हे लोखंडी आहे, जड आहे, आणि हे बोलतं.

"लाऽऽभ..."

ऐकलंस ना? कप खाली ठेव. डाळ काठोकाठ आहे, तरी तो दोन म्हणत नाही. रोज एकच माप भरतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 'लाभ'पासून. पहिला डबा कुठे जातो ते आपल्याला माहीत आहे. दुसरं माप कुठे जातं ते मी विचारायला गेलो नाही. मेल्यावरही गडी माझ्या दुकानात बसून स्वतःचीच बरकत मोजतोय!

उद्या-परवा दुकान तुझ्याकडे येणार. म्हणून हात जोडून एक मागतो, यशोधन. उंदीर लिहू नकोस. खराब माल गेला, तोलण्यात चूक झाली, असलं काही लिहू नकोस. मागच्या महिन्यात माझ्या मनात कडू आलं, म्हणून मी त्याचं माप हिशेबातून गाळलं होतं. दुसऱ्या दिवशी जेवून उठलो आणि तुझ्या मामीला म्हणालो, "आता वाढ."

दोन शेर गेले तर दोन लिही. एक तिच्या नावावर, एक त्याच्या. हिशेब खरा ठेव बाबा.