बंद कॉम्प्युटरची ऊब

ही घटना खरी आहे. ज्याच्यासोबत घडली तो माझा मामेभाऊ थापा मारणाऱ्यातला नाही. सांगताना कुठे चुकलं, तर ती चूक सांगणाऱ्याची.

मामेभाऊ कॉम्प्युटर दुरुस्त करतो. घरात त्याला सगळे ‘वैद्यबुवा’ म्हणतात. मशीन उघडलं, की आधी हाताची उलटी बाजू लावून तो त्याचा ताप बघतो.

त्या रविवारी, दिवेलागणीला, ओळखीतल्या एका काकूंचा फोन आला.

“कॉम्प्युटर चालूच होत नाही रे. येतोस का?”

तिसरा मजला. आतली खोली. काका हयात असताना रोज संध्याकाळी इथेच बसून आठवणी लिहायचे. टेबल तसंच होतं. खुर्चीही तशीच.

काकूंचा मुलगा दारात उभा राहिला. हलेचना.

“जुना झालाय दादा. भंगारात देऊन टाकू.”

“तुझा सल्ला विचारलाय का कोणी?” स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज.

वैद्यबुवाने सॉकेटला टेबललॅम्प लावून बघितला. लागला. केबल बदलली. बटण दाबलं.

काहीच नाही... ना दिवा, ना घरघर.

मुलगा नखं खात होता.

वैद्यबुवाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्याने केबल काढली, कॅबिनेटचं झाकण उघडलं आणि तो थांबला.

पॉवर सप्लायच्या वायरी आतून काढलेल्या होत्या. नीट गुंडाळून, दोऱ्याने बांधलेल्या.

त्याने मुलाकडे पाहिलं. मुलाने ओठांवर बोट ठेवलं.

“मीच काढल्या,” तो कुजबुजला. “आई रोज इथे येऊन बसते. म्हणते, बाबा लिहितायत. जेवायलाही उठत नाही. मशीन मेलंय म्हणून सांग ना तिला. ऐकेल तुझं.”

“कधी काढल्यास?”

“झाला की महिना.”

खरं असावं. रिकाम्या पिनांवर धूळ साचली होती.

सवयीने त्याने आतल्या पंख्याखालच्या पत्र्याला हाताची उलटी बाजू लावली.

आणि हात झटकन मागे घेतला.

गरम... नुकताच कोणी बंद केल्यासारखा.

“खरं सांग. मघाशी जोडला होतास?”

“नाही रे. आईशप्पथ.”

तेवढ्यात काकू आत आल्या. वैद्यबुवा त्यांच्याकडे वळला.

“काकू, हा आता चालू नाही व्हायचा.”

“माझ्याकडून होत नाही, ते माहितीये मला,” काकू शांतपणे म्हणाल्या. “म्हणून तर तुला बोलावलं. ते बसले की होतो. पण मी वाचायला पुढे झाले की बंद करतात. एकदा तरी कळायला हवं ना, माझ्याबद्दल काय लिहितात ते.”

मग त्यांनी खुर्ची टेबलापासून थोडी मागे ओढली. कोणाला बसता येईल इतकी.

“हो बाजूला. वेळ झाली त्यांची.”

वैद्यबुवाने झाकण तसंच टाकून बॅग उचलली.

तो जिन्यात पोचला, तेव्हा मागून पंख्याची घरघर सुरू झाली...

छताचा पंखा लावला असेल, असं तो आजही म्हणतो. त्या खोलीत छताला पंखा होता का, हे मात्र त्याला काही केल्या आठवत नाही.

त्याचा स्क्रूड्रायव्हर तिथेच राहिलाय. तो आणायला गेला नाही.

काकूंच्या मुलाचे अधूनमधून फोन येतात. नेमके दिवेलागणीला.

तो उचलत नाही.