पालथी कळशी

तर्कशास्त्र शिकवणारं भाईंदरात कुणी मिळेना, तेव्हा मृणालिनी दर रविवारी दुपारी बस धरून समुद्रकाठच्या पालीला जाऊ लागली. साल चौऱ्याण्णव. बंगलोरच्या लॉ स्कूलची प्रवेशपरीक्षा मे महिन्यात होती. मुलगी वकील होणार, हे वडिलांनी अख्ख्या बिल्डिंगला सांगून टाकलं होतं. त्यामुळे तिला जिन्यात कुणी भेटलं तरी घाम फुटायचा.

पालीचे रेमंड सर मुंबईच्या एका कॉलेजात हयातभर हाच विषय शिकवून निवृत्त झाले होते. फीचं नाव काढू देत नसत. चर्चच्या मागच्या गल्लीत त्यांचं कौलारू घर, बाहेर दगडी ओटा, बाजूला सुकत घातलेले बोंबील. पुढच्या खोलीत टेबल आणि पाटी. आतल्या खोलीला फुलाफुलांचा पडदा. ती खोली त्यांच्या मुलाची, कॉलिनची. गेल्या वर्षी त्याची बोट उलटली. बरोबरचे तिघे सापडले, कॉलिन सापडला नाही. त्याविषयी सर बोलत नसत.

सर शिकवायचे मात्र झकास.

"जर बोट लागली, तर बंदरावर बाया जमतात," ते म्हणायचे. "बाया नाहीत, म्हणजे बोट लागली नाही. हे पक्कं. वाक्य उलटं केलंस आणि दोन्हीकडे नकार घातलास, की सत्य टिकतं. पण बाया जमल्यात म्हणून बोट लागली, असं म्हणशील तर मार्क गेले. आमच्या बाया भांडायलाही जमतात."

"आन् तुमी ऐकायला जमता," सरांच्या पत्नी बर्नडेट आंटी आतून म्हणायच्या.

मार्चमधल्या एका रविवारी मृणालिनी लवकर पोहोचली. गल्लीत तिचा पाय मासळीच्या घाणीत पडला होता. घरात कुणी दिसेना. ओट्यावर तांब्याची कळशी भरलेली होती. तिने तिच्यातलं पाणी पायांवर घेतलं, ते संपलं, आणि कळशी पालथी घालून ठेवली. तिच्या घरी रिकामं भांडं कधी उताणं ठेवत नसत. आत पाल पडते, असं आई म्हणायची.

सर आणि आंटी प्रार्थनेहून परतले तेव्हा ती टेबलाशी बसली होती. आंटी ओट्यावरच थबकल्या. मग सरळ आतल्या खोलीत गेल्या. थोड्या वेळाने बाहेर आल्या, पडदा नीट ओढला आणि ओठांवर बोट ठेवलं.

"निजलाय," त्या म्हणाल्या.

मग पालथ्या कळशीकडे बोट दाखवून त्या सांगू लागल्या, तेव्हा मृणालिनीला कळलं. समुद्रावरून आलेला त्या घरचा माणूस कळशी पायांवर रिकामी करायचा आणि ती पालथी घालूनच उंबरा ओलांडायचा. आजोबा करायचे, कॉलिन करायचा. तो गेल्यापासून आंटी रोज कळशी भरून ठेवत होत्या.

"बर्नी," सर हळू म्हणाले, "कळशी पालथी आहे म्हणून कॉलिन आला, असं होत नाही."

आंटींनी ऐकलं नाही. त्यांनी मृणालिनीचे गाल दोन्ही हातांत धरले. "तुज्या पायगुणानं आला, बाय."

मृणालिनीने तोंड उघडलं. एक वाक्य पुरलं असतं. ते तिच्याने बोलवलं नाही. मग त्या दुपारी आंटींनी तिला गरम वडे वाढले आणि ते तिने खाल्ले.

पुढच्या रविवारी ती ओट्यापाशी आली तेव्हा कळशी पालथी होती. तिने हात लावला नव्हता. उंबऱ्यापासून पडद्यापर्यंत फरशी ओली होती. पावलं उमटलेली नव्हती, ओलं पोतं ओढत न्यावं तसा सलग पट्टा होता. खोलीत भिजलेल्या दोरखंडाचा वास होता. आंटी स्वयंपाकघरात तीन ताटं पुसत होत्या. सर पाटीवर लिहीत होते, पण त्यांचा कान पडद्याकडे होता. त्यांनी तिचं एक उत्तर चुकीचं असूनही बरोबर धरलं.

बाहेर कॉलिनचा कुत्रा ब्रुनो कुंपणाच्या भिंतीवर चढून आतल्या खोलीच्या खिडकीवर भुंकत होता. आंटी म्हणाल्या, तो आता जेवायलाही घरात येत नाही.

घरी वडिलांनी ऑफिसातल्या कुणाकडून तरी गाईड मिळवून, त्याला कव्हर घालून आणलं होतं. "सर खूश आहेत ना?" त्यांनी विचारलं. "हो," ती म्हणाली, आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसली. जिला एक खरं वाक्य बोलता आलं नाही, ती कोर्टात काय उभी राहणार होती?

त्यानंतरच्या रविवारी तिने वही उघडलीच नाही. "सर, त्या दिवशी कळशी मी पालथी घातली होती. पाय धुतले होते. मी तेव्हा बोलले नाही."

सर खडू बोटांत फिरवू लागले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"याच चुकीसाठी जन्मभर पोरांचे मार्क कापले मी," ते म्हणाले. "आणि म्हातारपणी स्वतः करून बसलो. मला खरंच वाटलं, गं." त्यांनी मान खाली घातली. मग तशीच ठेवून विचारलं, "पहिल्या दिवशी तू. मग रोज कोण?"

पडद्याआड कुणीतरी जेवत होतं. ताटावरून बोट फिरल्याचा आवाज येत होता.

ब्रुनो भुंकायला लागला.

"सर, ब्रुनो कॉलिनवर भुंकायचा?"

"कधीच नाही. पिल्लू असल्यापासून त्याच्याच पायात असायचा."

आत असलेला कॉलिन असेल, तर ब्रुनो भुंकणार नाही. ब्रुनो भुंकतोय. तिने वाक्य मनात पुन्हा तपासलं. यात चूक नव्हती. याला मार्क कापता आले नसते.

"मग आत कॉलिन नाही," ती म्हणाली.

सरांनीही ते तपासलं असावं. खडू त्यांच्या बोटांत मोडला.

स्वयंपाकघराच्या दारात आंटी भाताचं पातेलं घेऊन उभ्या होत्या. मृणालिनी उठली. "आंटी, चूक माझी आहे. मी तुम्हाला फसवलं. तो—"

"मला ठाव हाय." आंटींचा आवाज नेहमीसारखाच होता. "माजा पोर सोड्याचं कालवण तोंडात घेत नवता. ह्यो मागून खातो."

"मग तुम्ही..."

"हळू बोल, बाय." आंटी जवळ आल्या आणि त्यांनी तिच्या कानाशी तोंड नेलं. "तो कॉलिन न्हाय, ह्ये त्याला ठाव न्हाय."

पडद्याआड ताटावरचं बोट थांबलं.