लढा की लढाई

कपाटात एकशे बारा पुस्तकं होती. एकाहत्तर युद्धांवरची, एकेचाळीस माणसांनी हक्कांसाठी दिलेल्या लढ्यांवरची, आणि तळाच्या फळीवर एक मेलेली पाल. ती ग्रंथपाल तेजश्रीने मोजणीत धरली नाही, नुसती झाडून टाकली.

पाटोद्याच्या त्या वाचनालयात दुपारी कुणी फिरकत नसे. सकाळची पेपरवाली मंडळी जेवायला गेली की उरायची ती आणि कुरकुरणारा पंखा. तिच्याबरोबर बी.एस्सी. झालेल्या मैत्रिणी कुणी पुण्याला, कुणी सासरी. फोन आधी रोज यायचे, मग सणासुदीला. वाचलेलं सांगावं असं तिला कुणी राहिलं नव्हतं.

“मॅडम, लढ्याचं एखादं पुस्तक हाय का?”

दारात एक सावळा तरुण उभा होता, सदऱ्याच्या बाहीवर खडूची भुकटी. हा आदिनाथ. ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर कारखान्यावर जायचा, तिथे मजुरांच्या पोरांची शाळा घ्यायचा. तेजश्रीने खंदकातल्या शिपायांची एक जाडजूड कादंबरी काढून दिली.

दोन दिवसांनी तो परत हजर.

“मॅडम, ही लढाई निघाली. मी लढा मागितलता.”

“एका ‘ई’चा तर फरक,” ती ओशाळून म्हणाली.

“त्या ‘ई’नं लई माणसं मेली की ओ!”

ती हसली... आणि आपल्याच हसण्याचा आवाज त्या खोलीत तिला अनोळखी वाटला.

मग तो येत राहिला. बसमध्ये मागे बसवतात म्हणून वर्षभर पायी चाललेल्या अमेरिकेतल्या काळ्या लोकांची गोष्ट त्याने तिथेच, उभ्या उभ्या वाचून काढली.

“आमच्या टोळीला सांगितलं तर म्हणतील, त्यात काय एवढं, आमी बी चालतो.”

“पण ते एकमेकांसाठी चालले, सर.”

“हां... ह्ये सांगतो पोरांना.” तो थांबला. “लढाईच्या पुस्तकांत एवढी पत्रं कावून असतात?”

“शिपाई एकटा असतो ना.”

“आन् लढ्यात?”

“तिथे सोबतीला माणसं असतात.”

त्याने तिच्या टेबलावरचं उघडं पुस्तक पाहिलं. पानावर बर्फात उभ्या असलेल्या पहारेकऱ्याचं चित्र होतं. “म्हणून तुमी लढाईचीच वाचता, जणू.”

तेजश्रीने पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं — पान मात्र सापडेना.

दिवाळी झाली. गल्लोगल्ली ट्रक लागले, बोचकी चढू लागली. आता आदिनाथ जाणार, तो थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परतणार. पुन्हा ती आणि पंखा. आज बोलली नाही, तर पुढे बोलायला समोर कुणी नसणार, हे तिला लख्ख कळत होतं.

तो आला, एक पुस्तक निवडलं, टेबलावर ठेवलं. “एवढं नेतो. येतो मग... मॅडम.”

“पंधरा दिवसांत परत करायचं असतं,” ती एकदम म्हणाली.

“पंधरा दिवसांत? कारखान्यावरून? कसं जमंल?”

“नियम आहे.”

“आन् न्हाई आणलं तर?”

बाहेर ट्रकवाला हॉर्न देत होता. तेजश्रीने मान वर केली. कॉलेजात घासूनपुसून कमावलेली तिची भाषा कुठल्या कुठे पळाली.

“तर म्या येईन न्यायला. कावून म्हणून इचारायचं न्हाई.”

आदिनाथ बघतच राहिला. मग त्याने पुस्तक उचलून छातीशी धरलं, हळूच हसला. “मग न्हाई आणत.”

त्याने नाहीच आणलं. सोळाव्या दिवशी तेजश्रीने वाचनालयाला कुलूप घातलं, किल्ली शेजारच्या सुंदरबाईंकडे दिली आणि स्टँड गाठला.

पाटोदा ते कारखान्याचं फाटक: दोन एसट्या, एकशे ब्याण्णव किलोमीटर, सहा तास वीस मिनिटं.