खिडकीची जागा

निरवांगीच्या चावडीपुढं जयवंता माईकसमोर उभी राहिली. तिनं तोंड उघडलं मात्र, कर्ण्यातून अशी कर्कश शिट्टी निघाली की पारावरची म्हातारी माणसं कानांवर हात ठेवून उठलीच.

"एवढं जवळ जाऊ नका, सिस्टर," मागून कुणीतरी म्हणालं. "लाजतो तो."

तिनं वळून पाहिलं. एक सावळा तरुण वायरींच्या गुंत्यात बसून हसू दाबत होता. हा मानसिंग. पंचक्रोशीतल्या लग्नाकार्यांत स्पीकर लावायचा.

"माईक लाजतो, का माईकवाला?"

"दोघंबी..." तो म्हणाला आणि खरोखरच मान खाली घालून वायर सोडवू लागला.

सत्त्याण्णव सालचा हिवाळा होता तो. जयवंता बारामतीच्या एका दवाखान्यात नर्स होती. तिथल्या डॉक्टरांनी गावोगावी शिबिरं सुरू केली होती. मोठ्या आतड्याचा कॅन्सर आधी मुकाट वाढतो, शौचातून न दिसणारं रक्त जातं, ते वेळेवर सापडलं तर माणूस वाचतो. म्हणून पन्नाशीपुढच्यांना एकेक प्लास्टिकची डबी द्यायची आणि नमुना मागायचा. रविवारी जयवंता इंदापूर तालुक्यात फिरायची, कागदावरचे आकडे वाचायची, डब्या वाटायची. लोक डबी मोठ्या अदबीनं घेत आणि घरी जाऊन तिच्यात तंबाखू-चुना भरत.

पुढच्या रविवारी निरवांगीतून भरलेली अशी एकच डबी आली. मानसिंगच्या वडिलांची, जोतीरामतात्यांची. जयवंतानं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि पुन्हा लावलं.

"तात्या, ही शेळीची लेंडी हाय."

तात्या आभाळाकडं बघू लागले. "तुला गं कसं कळलं?"

"आमच्या आजाचीबी मेंढरं हुती, तात्या."

चावडी खदखदून हसली. सगळ्यांत जास्त मानसिंग हसला. पण संध्याकाळी तिची पिशवी घेऊन एसटीच्या थांब्यापर्यंत आला, तेव्हा त्याचं हसू कुठल्या कुठं गेलं होतं.

"सिस्टर... तात्यांच्या धोतराला रक्त असतंय. मूळव्याध हाय म्हणत्यात. अख्ख्या कळपाचं दुखणं लेंडीवरनं सांगणारा माणूस, पण सवताचं म्हटलं की..."

जयवंता जागीच थांबली. तिचे वडीलही हेच म्हणायचे. गावी, सणसरच्या कालव्यावर स्वतःचं धोतर स्वतः धुवायचे, लेकींना दिसू नये म्हणून. दवाखान्यात आणलं तेव्हा फार उशीर झाला होता. आईनं मात्र सगळ्या भावकीत सांगितलं, अ‍ॅटॅक आला. पोरी उजवायच्या होत्या. घराण्यात रोग आहे असं एकदा पसरलं की उंबऱ्याला कोण येणार? आता तर जयवंताला डाळजचं स्थळ आलं होतं, नुसती सुपारी फुटायची बाकी होती.

"तुमी आकडं सांगता," मानसिंग हळूच म्हणाला. "आमच्या लोकांना माणूस सांगा. असंल कुणी तर..."

तिला रडूच आलं. गाडी आली म्हणून बरं झालं.

त्यानंतरच्या रविवारी ती कागदाशिवाय उभी राहिली. पुढ्यातच सारजाबाई बसली होती, डाळजच्या मुलाची सख्खी मावशी. जयवंतानं तिच्याकडं पाहिलं, मग तात्यांकडं पाहिलं.

"माझं वडील अ‍ॅटॅकनं गेलं न्हाईत," ती म्हणाली. "लाजंनं गेलं."

मग तिनं सगळं सांगितलं. रक्त, धोतर, कालवा. "मला सांगितलं असतं, तर ते धोतर मी धुतलं असतं... आन् त्यांना हाताला धरून डॉक्टरकडं नेलं असतं." आवाज नीरा नदीच्या पलीकडं गेला. माईकनं त्या दिवशी हूं की चूं केलं नाही. सारजाबाई पदर सावरून उठून गेली. तात्याही उठून गेले.

दोन दिवसांनी तात्या एकटेच बारामतीला आले. पटक्याच्या टोकात बांधलेली डबी त्यांनी जयवंतापुढं ठेवली. "माझीच हाय. शपथ."

डबीत रक्त निघालं. पुण्यात नळी घालून तपासलं तर गाठ सापडली, पण लहान होती. ती काढली आणि तात्या वाचले. डाळजचं स्थळ मात्र त्या शिबिराच्याच आठवड्यात मोडलं होतं. आई महिनाभर बोलली नाही. मग एका सकाळी स्वतःची डबी तिनं मुकाट्यानं लेकीपुढं आणून ठेवली.

तात्यांना टाके काढायला आणलं, तेव्हा मानसिंग दवाखान्याच्या फाटकाशी घुटमळत राहिला.

"डाळजचं मोडलं म्हणं. माझ्यामुळं."

"तुमच्यामुळं कसं? बोलले मी."

"स्पीकर माझा हुता की." तो पायानं माती उकरत राहिला. "तात्या रोज म्हणत्यात, ती पोरगी सून करून आण. पण मी तात्यांसाठी विचारत न्हाय... जयवंता."

तिचं नाव त्यानं पहिल्यांदाच घेतलं होतं. तिला ते फार आवडलं, आणि म्हणूनच भीतीही वाटली.

"बापाचं दुखणं माझ्यातबी उतरलं असंल. मला जन्मभर तपासत राहावं लागंल. थोड्या थोड्या वर्षांनी पुण्याला, नळी घालून. चालंल?"

मानसिंगनं जरा विचार केला. "इंदापुरातनं येष्टी हाय," तो म्हणाला. "रुमाल टाकून जागा धरीन. खिडकीची तुमाला."

एवढंच बोलला तो. पण त्यानं ते पाळलं. पुढं किती वर्षं गेली, तात्या म्हातारे होऊन आपल्या अंथरुणात सुखानं गेले, लग्नांतले कर्णे जाऊन डीजे आले. तपासणीची तारीख आली की मानसिंग अजून गर्दीत घुसून खिडकीतून रुमाल टाकतो. वाटेत उजनीच्या पाण्यात रोहित पक्षी उभे असतात. जयवंता ते बघत बसते. तपासात काय निघेल ही भीती असतेच, दर वेळी असते. ती त्याला कळते, म्हणून डाळजचा फाटा आला की तो तिच्या कानाशी वाकतो.

"उतरायचं का? आजून मोकळं असंल ते स्थळ."

ती बाहेर बघतच त्याचा हात हातात घेते आणि पुणं येईपर्यंत सोडत नाही.