दुसऱ्या वळणावर चूक कोणाची?

"माझ्या भावाचं हाड तुम्ही मोडलंत!"

ओवी चौगुले शर्यत समितीच्या टेबलासमोर उभी राहून ओरडली, तशी अध्यक्षांनी चहाची कपबशी खाली ठेवली. मागे कागलच्या माळावर मातीचा ट्रॅक पसरला होता आणि विजेवर पळणाऱ्या छोट्या गाड्या रांगेत उभ्या होत्या.

तिचं काय चुकलं? गेल्या रविवारी तेजसच्या टायरांवर बारीक चिरा होत्या म्हणून समितीने ते उतरवायला लावले. कोऱ्या टायरांवर तो पळाला, दुसऱ्या वळणावर घसरला, बांधावर आदळला. खांद्याचं हाड मोडलं. शिवाय समितीने फलकावर लिहिलं, 'चालकाची चूक. वर्षभर बंदी.'

आज ओवीने तेच चिरलेले टायर आणून टेबलावर आपटले.

"बाळ, नियम वाच," अध्यक्ष म्हणाले. "टायरातलं रबर कमी करायचं नाही. तू तर टायरच कापलायस."

"कापलाय. कमी कुठं केलाय? करा की वजन!"

तपासणीच्या यंत्रमानवाला पोरं खडूस म्हणत, कारण तो कोणाचंच ऐकत नसे, अध्यक्षांचंसुद्धा. त्याने टायर तोलले. "नवे असताना समितीने तोलून शिक्का मारला, तेव्हा होतं तेवढंच वजन. रबर कमी झालेलं नाही."

"आयला!" मागून कोणीतरी म्हणालं.

अध्यक्ष हसले. "मग झालंच की! काही निघालंच नाही, तर फरक कसला पडणार?"

"विचारलंत ना, आता ऐका," ओवीची मालूआत्या पुढे आली. तिचं आयुष्य रबराच्या प्रयोगशाळेत गेलं होतं. चिरा तिनेच पाडल्या होत्या. तिने अध्यक्षांच्याच टेबलावरचं खोडरबर उचललं, त्यावर ब्लेडने चार चिरा दिल्या आणि ते वाकवलं. चिरा उघडल्या.

"दिसतंय? प्रत्येक चिरेला दोन कडा. तुमच्या ट्रॅकवर टँकर पाणी मारतो, गाड्या पळून माती घोटली जाते, पार फरशीसारखी होते. कोऱ्या टायरचा ठोकळा (रस्त्याला टेकणारा उंच भाग) त्यावर नुसता सरकतो. चिरलेला ठोकळा वाकतो, कडा मातीला धरतात. घर्षण (घसरण्याला होणारा विरोध) वाढतं. शिवाय वाकून सुटताना रबर तापतं, तापलं की मऊ पडतं, आणखी घट्ट बसतं."

"मग आरपारच कापा की!"

"कापा. ठोकळे जास्त तापतील, तुकडे उडतील. म्हणून अर्ध्या खोलीपर्यंतच. डोकं वापरून कापायचं असतं, साहेब."

"हे सगळं बोलणं झालं," अध्यक्ष पुटपुटले. "तुझा भाऊ कच्चा होता, पोरी."

ओवीचे कान लाल झाले. "मग खडूसला बसवा गाडीत! तो तर कच्चा नाही ना? गाडी तीच, वेग तेजसचाच. आधी कोरे टायर, मग चिरलेले. बदलायचं ते फक्त टायर."

पोरं टाळ्या पिटायला लागली. अध्यक्षांनी नाइलाजाने मान डोलावली.

खडूस कोऱ्या टायरांवर निघाला. दुसऱ्या वळणावर गाडीची शेपटी सुटली, गर्रकन फिरली आणि धाडकन बांधावर! जागा तीच. धुळीतून खडूस उठला आणि आपला वाकडा हात स्वतःच सरळ केला. तेजसला तसं करता आलं नव्हतं.

चाकं बदलली. गाडी पुन्हा त्याच वेगाने वळणात शिरली, जराशी थरथरली आणि माती धरून बाहेर पडली.

मग रांगेतली एक मुलगी आपला कोरा टायर गडगडत मालूआत्याकडे घेऊन आली. "आत्या, मला शिकवाल?" तिच्यामागे दुसरा आला, तिसरा आला. पुढच्या रविवारी या वळणावर कोणाचं हाड मोडणार नव्हतं.

ओवी मात्र टेबलापासून हलली नाही. तिने फलकाकडे बोट दाखवलं.

"साहेब, खडूसवरपण वर्षभर बंदी घाला. घालता? नाही? मग तेजसवर का? चूक कोणाची होती ते आत्ता, या सगळ्यांसमोर सांगा!"